‘बदल सापडला, अर्थ अनिश्चित’

प्रश्न : जनुकीय चाचणीची यंत्रं सगळीकडे सारखीच. मग उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट, न्यूझीलंडचे माओरी अशा मूलनिवासी समाजांतल्या रुग्णांच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा जास्त का दिसतो? तो आला तर काय करायचं?

उत्तर : यंत्र फक्त वाचतं, घोडं अडतं ते अर्थ लावताना. एका माणसाच्या संपूर्ण जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएमध्ये, ठरावीक नमुन्याशी ताडून पाहिलं तर ४० ते ५० लाख बदल निघतात. दुर्मिळ आजाराचं कारण शोधताना प्रयोगशाळा आधी चाळण लावते : सर्वसाधारण लोकांत सुमारे १ टक्क्याहून जास्त आढळणारे बदल वगळायचे. ही टक्केवारी ‘नोमॅड’सारख्या, अनेक लोकांची जनुकीय माहिती एकत्र ठेवणाऱ्या साठ्यांतून घेतात आणि त्यांत मोठा भरणा युरोपीय वंशाच्या लोकांचा. ज्या समाजाची तिथे नोंदच नाही, त्याच्यात घरोघरी असलेला निरुपद्रवी बदलही दुर्मिळ भासतो आणि यादीत अडकून राहतो. उलटही घडतं. खरोखर आजार देणारा बदल त्याच समाजापुरता असेल, तर आधीच्या रुग्णांची नोंद सापडत नाही. पुराव्याअभावी तोही अनिश्चितच.

असा शेरा आला तर त्यावरून शस्त्रक्रियेचा किंवा गर्भाबाबतचा निर्णय घेऊ नये. आईवडिलांचे नमुने तपासून घ्या. मुलातला बदल दोघांतही नसेल तर तोच आजाराचं कारण असल्याचा संशय बळावतो. निरोगी आजोबांतही तो बदल असेल तर संशय बहुधा कमी होतो (‘बहुधा’ म्हणायचं कारण, काही वेळा घातक बदल असूनही आजार होत नाही). एक-दोन वर्षांनी त्याच माहितीचं फेरविश्लेषण मागा, नवा नमुना सहसा लागत नाही. कॅनडात ‘सायलेंट जीनोम्स’ प्रकल्पाने मूलनिवासींसाठी वेगळा संदर्भसाठा उभारायला घेतला तो याच अडचणीपायी.

दूरच्या वस्तीतून लाळेचा नमुना टपालाने जातो, पण नीट घेतला नाही तर तो वाया जातो. आधी अर्धा तास खाणं-पिणं नको. लाळ रेषेपर्यंत भरा, फेस मोजू नका. लहान मुलांना थुंकता येत नाही, त्यांना गालातला फाया वापरावा.

प्रश्न : मग हे समाज जास्त नमुने का देत नाहीत?

उत्तर : कारण दिलेले नमुने भलतीकडे वापरले गेले. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या हवासुपाई या मूलनिवासी लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. तेच पुढे स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या संशोधनात गेलं. २०१० मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बाजूने तडजोडीत ७ लाख डॉलर दिले गेले, नमुने परत केले गेले. नावाहो राष्ट्राने (अमेरिकेतल्याच दुसऱ्या मूलनिवासी समाजाने) तर आपल्या भागातलं २००२ मध्ये जनुकीय संशोधनच थांबवलं.

न्यूझीलंडमध्ये मात्र जठराच्या कर्करोगाने पोळलेलं माओरी कुटुंब स्वतःच संशोधकांकडे गेलं आणि १९९८ मध्ये सीडीएच१ जनुकातला दोष सापडला. म्हणजे प्रश्न नमुना देण्याचा नाही, विश्वासाचा आहे. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या : नमुना कुठे राहणार, दुसऱ्या अभ्यासासाठी पुन्हा विचारणार का आणि मागितला तर परत मिळणार का.