मांडवीचा रस्ता सोडू नकोस

अगं, वडोदऱ्यातल्या मांडवीच्या गर्दीत छाती धडधडली म्हणून तिकडे जाणंच बंद करू नकोस. मी वर्षभर तेच केलं आणि भीती वाढतच गेली. पॅनिकचा झटका, म्हणजे अचानक उसळणारी तीव्र भीती, साधारण 10 मिनिटांत कळसाला पोचतो, मग ओसरतो; पळून गेलं की ते ओसरणं अनुभवायलाच मिळत नाही. आधी डॉक्टरांकडून ईसीजी, थायरॉइड मात्र तपासून घे. मग सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धत, करणारा थेरपिस्ट गाठ. सयाजीबागेत रोज चाल, श्वास सोडताना लांबव, योगनिद्रा कर. याने मला खरंच आधार दिला, पण त्या भरवशावर चालू गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नकोस. रात्री-अपरात्री फारच घाबरलीस, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लाव, मोफत आहे.