जिबचे दोर शिडाला कसे बांधावेत?

तुम्ही नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर 16 फुटी होडीवर शिकताय, आणि जिबचे, म्हणजे पुढच्या शिडाचे, दोन्ही दोर स्टीलच्या शॅकलने (खिळीने बंद होणाऱ्या U आकाराच्या कडीने) अडकवावेत का, असं विचारलंय.

शॅकल नको. होडी वळवताना जिब फडफडतं आणि त्याचा मागचा खालचा कोपरा, ज्याला क्लू म्हणतात, नेमका माणसाच्या डोक्याच्या उंचीवर झोडपत असतो. मुंबईच्या खाडीत माझ्या एका मित्राची भुवई अशाच शॅकलने फुटली, चार टाके पडले. दोराचा फटकाही लागतोच, पण हाड फुटत नाही.

तुम्ही दोन बोलाइन, म्हणजे न आवळणारा फास करणाऱ्या गाठी, बांधा. प्रत्येक दोर क्लूच्या रिंगेतून ओवून वेगळी गाठ. फास लहान ठेवा, शेपूट मात्र वीतभर तरी सोडा. कितीही ताण बसला तरी ही गाठ नंतर तिची मान मोडली, म्हणजे वरचा वळसा मागे वाकवला, की सुटते, आणि एक दोर घासला तर तेवढाच बदलता येतो. पण ताण नसताना, नुसत्या फडफडीने ती ढिली पडू शकते. गंगापूरला डोंगरांमुळे वारा सारखा फिरतो, शीड फडफडत राहतं, म्हणून दर वेळी पाण्यात उतरण्याआधी गाठ हाताने ओढून बघा.

बोलाइनची खरी अडचण म्हणजे वळताना गाठी डोलकाठीच्या बाजूच्या तारांना अडकतात. फार त्रास झाला तर एकच लांब दोर घ्या, मधोमध दुमडा, तो दुमड रिंगेतून काढा आणि दोन्ही टोकं त्यातून ओढून घ्या, बॅगेच्या टॅगची दोरी अडकवतो तशी. तारांवरून हे सहज सरकतं. भिजून आवळलं की सोडवताना नखं दुखतात, पण आपण शीड गुंडाळून घरी नेतो तेव्हा दोर शिडालाच राहू दिला की झालं. डायनीमाचं, म्हणजे खूप मजबूत कृत्रिम दोराचं, सॉफ्ट शॅकलही उत्तम, पण शिकताना गरज नाही.

दोर 8 मिमीचा, मऊ विणीचा पॉलिस्टर घ्या. बारीक दोर हात कापतो. नायलॉन ताणतो. हार्डवेअरच्या दुकानातला प्लॅस्टिकचा रंगीत दोर तर नकोच, त्यावर गाठ घसरते आणि उन्हाने तो कुजतो.

आणि दोन्ही दोरांची मोकळी टोकं होडीत एकमेकांना बांधून ठेवा, म्हणजे हातातून सुटला तरी दोर कप्पीतून निसटून बाहेर जाणार नाही.