आई पक्की नोकरी सोडून मुलांच्या मानसिक आरोग्याचं काम करायचं म्हणते. घरच्यांनी कशाची तयारी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की आई सत्तेचाळीस वर्षांची आहे, कॉलेजच्या मुलामुलींसाठी हे काम करायचं तिने मनावर घेतलंय, आणि याला करिअर म्हणावं का हेच तुम्हाला कळत नाहीये. माझ्या आईने हेच केलं, म्हणून लिहितेय.

आई एसटीत कंडक्टर होती. बरीच वर्षं नाशिक–दिंडोरी–वणी गाडीवर. 2018 च्या पावसाळ्यात तिच्या लक्षात आलं की अकरावीतली एक मुलगी रोज दिंडोरीला चढते, नाशिकच्या सीबीएस स्टँडला गाडी रिकामी होते तरी खिडकीला डोकं टेकून बसून राहते आणि त्याच गाडीने परत जाते. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास होता, त्यामुळे हिशेबात कुठे काही दिसायचं नाही. चौथ्या दिवशी गाडी सुटायला वेळ होता, तेव्हा आई तिकिटाचं मशीन मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसली. कॉलेज का बुडवतेस हे तिने विचारलंच नाही. "डबा खाल्लास का गं?" एवढंच विचारलं. डबा रोज तसाच परत जात होता. त्यानंतर ती जे बोलली ते ऐकून आईला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आईने रजा टाकली आणि त्या मुलीच्या मावशीला सोबत घेऊन तिला सिव्हिलला दाखवलं.

पुढे आईने नोकरी सांभाळून समुपदेशनाची पदविका केली आणि 2021 मध्ये एसटी सोडली. सुरुवातीला एका संस्थेकडून महिन्याला आठ हजार मानधन मिळायचं. बाबांचा पगार होता म्हणून भागलं. तुमच्या घरात दोन वर्षं कमी पैशात निघतील का, हा हिशेब आधी कागदावर मांडा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तुमच्या आईला एक गोष्ट मात्र नीट समजून घेऊ दे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध तेच देणार. बोलण्यातून उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. माझी आई या दोन्हींपैकी कोणी नाही, आणि ते ती प्रत्येक वर्गात पहिल्या पाच मिनिटांत सांगते. मूल आणि उपचार यांच्यामधलं अंतर कमी करणं हे तिचं काम. ऐकायचं, धोका ओळखायचा, योग्य माणसापर्यंत पोचवायचं.

आणि यातली सगळ्यात मोठी मेहनत मोठ्या माणसांवर जाते. मुलं बोलतात हो, दोन तासांत बोलायला लागतात. एका शाळेत मुख्याध्यापकांनी तिला सांगितलं, "आमच्याकडे तसली मुलं नाहीत." आईने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा सांगितला. 2015-16 च्या त्या पाहणीत 13 ते 17 वयाच्या सुमारे 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. "म्हणजे साठच्या वर्गात चार, सर. ती चार कोण, ते तुम्हाला माहीत आहे का?" त्या दिवशी वर्ग घ्यायची परवानगी मिळाली नाही. तिसऱ्या फेरीला मिळाली.

मुलाने जीव द्यायचा प्रयत्न केला असेल, तर पालक पोलीस केसच्या भीतीने त्याला दवाखान्यातही नेत नाहीत. त्यांना ती 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा समजावते. त्याच्या कलम 115 प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालवून शिक्षा करायची नसते. हे ऐकून एक वडील आमच्या दारात उभे राहून रडले होते, मी पाहिलंय. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं, तेव्हापासून आईला दारातून परत पाठवणं जरा कमी झालंय.

आता घराचं सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच असावा. 2023 मध्ये मी बारावीला होते. रात्री-रात्री झोप लागायची नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधड. आई पलीकडच्या खोलीत कुणाच्या तरी मुलाशी फोनवर बोलत असायची आणि मला वाटायचं, तिच्याकडे खरोखरच्या अडचणी येतात, माझं काय घेऊन बसायचं. दोन महिने मी बोलले नाही. बाबांना कळलं तेव्हा ते आईवर फार चिडले. आई काही बोलली नाही. ओट्यापाशी उभी राहून कणीक मळत राहिली, मळून झाली तरी मळतच राहिली. मग माझ्याकडे वळली आणि सरळ विचारलं, "जगणं नको वाटतं का तुला?" असं थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट मूल मोकळं होतं, हे ती शेकडो शिक्षकांना शिकवत आली होती. स्वतःच्या मुलीला विचारताना तिचा आवाज कापत होता. मला तसं वाटत नव्हतं, पण कुणीतरी विचारलं याचंच मला रडू आलं.

त्यानंतर दोन नियम झाले. रविवारी सकाळी तिचा फोन बंद, आम्ही दोघी सोमेश्वरपर्यंत चालत जातो. आणि रात्री दहानंतर ती स्वतः फोन घेत नाही. तिच्या क्रमांकावर संदेश असतो की 14416 लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हे नियम तुम्ही पहिल्याच महिन्यात करा. आमच्यासारखा उशीर करू नका. आईचं ऐकणारं अनुभवी माणूसही शोधा. माझी आई महिन्यातून एकदा एका ज्येष्ठ समुपदेशक बाईंकडे जाते. त्या दिवसाची फी आम्ही किराण्याच्या आधी बाजूला काढतो.

काही संध्याकाळी तुमची आई घरी येऊन गप्प बसेल. चहा ठेवा, शेजारी बसा, पण कोण होतं, कुणाचं होतं, हे विचारू नका. दिंडोरीच्या त्या मुलीचं नाव आम्हाला आजही माहीत नाही.