हरीण स्वस्त, काका महाग

मिलवॉकीहून एका तरुण वाचकाचं पत्र आलंय. वय 26, मेकॅनिकल इंजिनीअर, पगार वर्षाला 78,000 डॉलर, लग्न नाही, आईबाबा दोघंही नोकरीत. शेजारच्या आजोबांनी बाराव्या वर्षी शिकार शिकवली, तेव्हापासून यांचा एकही नोव्हेंबर चुकलेला नाही. आता 2026च्या ऑगस्टपासून एम.एस. करायचंय आणि प्रवेश दोन ठिकाणी मिळालाय. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला सोळा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, फी आणि राहणं मिळून 52,000 डॉलर स्वतःच्या खिशातून. मिशिगनच्या उत्तर टोकाला होटनमध्ये दोन वर्षं, पण संशोधन साहाय्यकाचं काम, फी माफ आणि वर महिना 1,900. यांचा ओढा मॅडिसनकडे, कारण तिथून सव्वा तासावर रिचलंड सेंटरजवळ मित्राची चाळीस एकर जागा आहे आणि मचाणसुद्धा बांधून तयार आहे. ‘‘हे हिशेबात धरणं वेडेपणा आहे का? आई हसते.’’

वेडेपणा मुळीच नाही. लोक समुद्र दिसतो म्हणून फ्लॅटला वीस टक्के जास्त मोजतात, त्यांना कोणी हसत नाही. हरणांचा विचार केला तर मॅडिसनच बरं हेही खरं. होटनला जंगल अफाट आहे, पण वर्षाला दोनशे इंचांहून जास्त बर्फ पडतो आणि त्या हिवाळ्यात हरणं फार तगत नाहीत. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये त्यांची ददात नाही.

पण मग किंमत लावूनच बघू. होटनहून रिचलंड सेंटर सहा तास. विस्कॉन्सिनचा बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे 2026मध्ये 21 नोव्हेंबरला. पेट्रोल शंभर, परराज्यातल्या माणसाचं लायसन्स फार तर दोनशे. वर्षाला तीनशे, दोन वर्षांचे सहाशे डॉलर. मिशिगनचा हंगाम ठरलेल्या तारखेला, 15 नोव्हेंबरला सुरू होतो आणि तिथल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला स्थानिकाच्या दरात लायसन्स मिळतं. दोन्हीकडे बसा मचाणावर.

आता दुसरी बाजू. मॅडिसनहून आठ महिने आधी नोकरीला लागाल, त्यात वीसेक हजार शिल्लक पडतील असं धरू. तरी 52 वजा 20, म्हणजे तीस हजारांहून मोठा खड्डा. होटनला जेमतेम का होईना, खर्च भागतो. सहाशे डॉलरच्या सोयीसाठी तीस हजार? होटनला जा.

(फ्रीझरभर मांसामुळे किराणा वाचेल हे विसरा. एका मादीचं साधारण चाळीस पौंड मांस निघतं. कापणावळ, लायसन्स आणि पेट्रोल धरलं तर हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो. शिवाय रिचलंड सेंटरचा भाग हरणांच्या सीडब्ल्यूडी रोगाचा. 2002मध्ये विस्कॉन्सिनला तो पहिल्यांदा सापडला तो तिथूनच जवळ. तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस शिजवू नका. आणि हे वाचून हुरूप आलेल्या विद्यार्थी-व्हिसावरच्या मंडळींनी थांबावं: फेडरल कायद्यानं तुम्हाला बंदूक बाळगायला बंदी आहे. शिकारीचं वैध लायसन्स हा त्याला अपवाद आहे, पण आधी वकिलाला विचारा.)

तुमचा प्रश्न इथं संपला. माझी झोप उडाली ती पत्राच्या शेवटच्या ओळीनं. ‘‘फीची काळजी नाही. मंडळातल्या काकांकडून घेतलेल्या पॉलिसीत 29,000 जमलेत, त्यावर करमुक्त कर्ज काढीन.’’

जमलेले नाहीत. तुम्ही भरलेत. महिना 600 प्रमाणे चार वर्षांत 28,800. तुम्हीच जोडलेलं विवरणपत्र उघडा, दुसरं पान. खात्यात 21,400. त्याखाली बारीक अक्षरात सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी लवकर मोडल्याचा दंड, 11,900. हातात येतील ते 9,500. कर्ज मिळेल तेही त्या साडेनऊतूनच. म्हणजे मॅडिसनचा तुमचा हिशेब मुळातच वीस हजारांनी चुकलाय. उरलेलं सरकारच्या ग्रॅड प्लस शैक्षणिक कर्जातून काढू म्हणाल, तर 1 जुलै 2026पासून नव्या कर्जदारांना ते बंद. फेडरल कर्ज मिळेल ते वर्षाला 20,500पर्यंत.

ही ‘इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ’ पॉलिसी आहे, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाला बांधलेला आयुर्विमा. काकांनी सांगितलं असणार की बाजार चढला तर फायदा, पडला तर शून्य, तोटा कधीच नाही. शून्याच्या वर्षीही विम्याचा खर्च आणि फी कापली जातेच. बाजार चढला तर परताव्याला वरून झाकण, आणि लाभांश धरत नाहीत. काकांनी दाखवलेलं 6.8 टक्के परताव्याचं रंगीत चित्र म्हणजे फक्त चित्र. आणि विमा नक्की कोणासाठी? तुमच्यावर एक मांजरसुद्धा अवलंबून नाही. उद्या लग्न झालं, मूल झालं, तर पाच लाखांची साधी टर्म पॉलिसी घ्या. निरोगी तरुणाला महिना पंचवीस-तीस डॉलर पडतात.

त्याहून मला राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. तुमची कंपनी 401केमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यात, पगाराच्या चार टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर घालते आणि तुम्ही दोनच टक्के भरता, कारण ‘‘401के म्हणजे कराचा सापळा, असं काका म्हणाले’’. चार वर्षांत सहा हजारांच्या आसपास फुकटचे पैसे तुम्ही कंपनीला परत केलेत. वर काकांना कमिशन.

पॉलिसी सरेंडर करा. भरलेल्यापेक्षा कमी मिळतंय, त्यामुळे कर लागणार नाही. हा तोटा करात वजाही होत नाही. ‘चार वर्षं भरलं, आता सोडू कसं’ हे मी दर महिन्याला ऐकतो. 1,900च्या मिळकतीतून 600 भरणार कुठून? नाही भरलं तर पॉलिसी आतून स्वतःलाच खात जाईल. फॉर्म कंपनीकडून थेट मागवा, काकांमार्फत नको. ते घरी येतील, आईला फोन करतील, ‘अजून दोन वर्षं थांब’ म्हणतील.

आलेले साडेनऊ हजार होटनच्या पहिल्या हिवाळ्यासाठी बचत खात्यात ठेवा. 401केचा हप्ता या पगारापासून चार टक्के करा. आणि राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी एचआरला एक ईमेल टाका: कंपनीनं घातलेल्या पैशांवर पूर्ण हक्क किती वर्षांनी लागतो? उत्तर पाच आलं आणि तुमची नोकरीची पाच वर्षं सप्टेंबरमध्ये भरत असली, तर मला परत लिहा. तेव्हा होटनला जानेवारीत सुरुवात करता येते का, हे विचारावं लागेल.