मध्येच परतावं लागलं तर?

उन्हाळा सरत आला की माझ्याकडे समुपदेशनासाठी एका ठरावीक प्रकारची माणसं येतात. पंचेचाळीस ते साठीतली, तब्येतीने ठीकठाक, हौसेने सायकल घेतलेली. कुणाला सायकलने पंढरपूर गाठायचंय, कुणाला पन्नासाव्या वाढदिवसाला वाईच्या गणपतीला जायचंय. ग्रुप मिळालेला असतो, सरावही चाललेला असतो, फक्त झोप उडालेली असते. अपघाताची भीती त्यांच्या तोंडी फारशी येत नाही. येतं ते हे: "मध्येच परतावं लागलं तर?"

हे इतक्या जणांकडून ऐकलंय, की त्यांपैकी एका ताईंची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

ताई बावन्न वर्षांच्या, बँकेत नोकरी. माहेरी वडिलांची वारी होती, पण मुलीला कधी कुणी सोबत नेलं नाही. ज्येष्ठात, पालख्या निघण्याआधीचा एक शनिवार-रविवार त्यांनी धरला होता. पुण्याहून सोलापूर रस्त्याने टेंभुर्णी, तिथून उजवीकडे वळून करकंबमार्गे पंढरपूर. सुमारे २१० किलोमीटर, रात्रीचा मुक्काम इंदापूरला. दर्शनाच्या रांगेत नंबर नाही लागला तरी चालेल, नामदेव पायरीला डोकं टेकवून कळस बघायचा, एवढंच त्यांचं मागणं.

"सत्तर किलोमीटर करून झालेत की तुमचे," मी म्हटलं. "मग अडतंय कुठे?"

"मला खात्री हवीय. पूर्ण होणार अशी."

"आणि नाही झालं तर?"

"परत यावं लागेल."

"मग या. त्यात काय?"

ताई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सगळ्यांना सांगून बसलेय हो. जाऊबाई आधीच म्हणाल्यात, या वयात कशाला ही थेरं. अर्ध्यातून आले तर तोंड कसं दाखवू?"

'तुम्हाला नक्की जमेल' असं मी अशा वेळी म्हणत नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना हे कठोर वाटतं. पण धीर दिला की दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी माणूस पुन्हा खात्री मागायला येतो. मी अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तरुणपणी बायकांशी बोलायला प्रचंड लाजायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात बाकांवर बसलेल्या शंभरेक अनोळखी बायकांशी ठरवून गप्पा मारल्या. जमलं कुठेच नाही, पण लाज गेली. ज्याची लाज वाटते ते एकदा मुद्दाम करून बघावं, यावर माझा तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, भरवसा आहे.

मी ताईंना गृहपाठ दिला. "रविवारी थेऊरला निघा. थेऊर फाट्यापर्यंत जा आणि तिथून मागे फिरा."

"देवळात न जाता?"

"न जाता. पाय दुखत नसताना, पंक्चर नसताना. आणि घरी कारण द्यायचं नाही. अर्ध्यातून परत आले, एवढंच सांगायचं."

"अहो, चिंतामणी इतका जवळ असताना?"

पुणेकर बाईला हे पचायला अवघडच, मान्य. त्यांनी फाट्यावरूनच हात जोडून देवाची माफी मागितली, हे नंतर कळलं.

पुढच्या भेटीत ताई हसतही होत्या आणि चिडलेल्याही होत्या. "काहीच झालं नाही! जाऊबाई म्हणाल्या, बरं केलंत, आणि टीव्ही बघत बसल्या. सासूबाईंनी विचारलं, येताना हडपसरहून कोथिंबीर का नाही आणलीस. मुलाने तर कानातला इअरफोनही काढला नाही. म्हणजे मी ज्यांच्यापायी रात्र रात्र जागले, त्यांना काही पडलेलंच नाही?"

मी काही बोलले नाही. ही गप्प बसायची वेळ असते, आणि ती ओळखायला मला बरीच वर्षं लागली आहेत. ताईंनी पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"मग टोमणे कोण मारत होतं?" त्यांनीच विचारलं. आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "मीच की. जाऊबाईंच्या आवाजात."

हे वाक्य पहिल्याच भेटीत मी त्यांना ऐकवू शकले असते. त्यांनी मान डोलावली असती, फी दिली असती आणि रात्री पुन्हा जागल्या असत्या. थेऊर फाट्यापर्यंत जाऊन आल्यावर ते वाक्य त्यांचं स्वतःचं झालं. माझ्या कामात मला खरा आनंद कुठे मिळतो असं कुणी विचारलं, तर तो इथे.

त्यानंतर आम्ही कागदावर परतीच्या जागा लिहिल्या: यवत, पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी. प्रत्येक ठिकाणी थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, दुखणं वाढतंय का, उजेड किती उरलाय, पोटात काही आहे का? तिसरा प्रश्न विसरू नका. 'मला हे झेपणार नाही' हा विचार लांबच्या प्रवासात बहुतेक वेळा रिकाम्या पोटी येतो. त्यामुळे भुकेल्या पोटी, चढावर किंवा उन्हात काहीही ठरवायचं नाही. आधी केळं, राजगिऱ्याचा लाडू, मीठ-साखर-लिंबाचं पाणी. वीस मिनिटं सावलीत बसायचं आणि मग ठरवायचं. बायकांनी आणखी एक बघावं. हमरस्त्यावर स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने आपण पाणीच कमी पितो, दुपारी डोकं धरतं, आणि दोष मात्र वयाला देतो. पेट्रोल पंप आणि हॉटेलं आधी हेरून ठेवा आणि पोटभर पाणी प्या.

वाऱ्याचंही तसंच. त्या दिवसांत वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना पाठीशी. शिवाय पंढरपूर पुण्यापेक्षा शंभरेक मीटर खाली. म्हणून जाताना आपण फार तयारीचे आहोत असं वाटतं, आणि परत सायकलनेच यायचं म्हटलं तर तोच रस्ता आपल्याला नालायक ठरवतो. दोन्ही निकाल वाऱ्याचे असतात. परतीला सरळ गाडी ठरवा.

छातीत दाब, घेरी, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांतलं काहीही जाणवलं तर मात्र मनाला समजावत बसू नका. थांबा आणि डॉक्टर गाठा. निघण्याआधीही एकदा तपासून घ्या. आणि घरच्यांनो, दर अर्ध्या तासाला फोन नको. फोनच्या दोन ठरावीक वेळा आधीच ठरवून ठेवा. 'जमेल ना गं?' असं रोज विचारण्याने काळजी व्यक्त होते खरी, पण ती समोरच्याच्या पाठीवर लादली जाते.

ताई पहिल्या दिवशी इंदापूरला वेळेत पोचल्या. दुसऱ्या दिवशी गुडघा कुरकुरायला लागला आणि टेंभुर्णीला तो बोलायलाच लागला. केळं खाल्लं, वीस मिनिटं बसल्या, दुखणं कमी होईना. सायकल ग्रुपच्या टेम्पोत चढवली. करकंबला उतरून शेवटचे वीसेक किलोमीटर पुन्हा सायकलवर, सावकाश. कळस दिसला. दर्शन बाहेरूनच झालं. बँकेत कुणीतरी विचारलं, "पूर्ण सायकलने?" त्या म्हणाल्या, "नाही, मध्ये टेम्पोत बसले," आणि पुढचं टोकन पुकारलं.

यंदा त्यांचे यजमानही निघणार म्हणतात. त्यांना मी आधी डॉक्टरांकडे पाठवलंय. रक्तदाबाच्या गोळ्या ते मनाला येईल तेव्हा बंद करतात, हे ताईंनीच त्यांच्यादेखत मला सांगितलं.