अपूर्णांकांच्या गुणाकारात काटाकाटी आधी करावी की नंतर?

आपण विचारले आहे की मुलाने गुणाकार करण्यापूर्वीच काटाकाटी केली म्हणून त्याचे गुण कापले गेले, तर त्याचे चुकले का. मुळीच चुकले नाही.

१९८६ साली, पुण्यात सातवीत असताना, परीक्षेत ३६/५५ × ३५/४८ हे गणित होते. मी ३६ आणि ४८ यांना १२ने, ३५ आणि ५५ यांना ५ने भागून थेट २१/४४ लिहिले. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली, कारण त्यांच्या मते एका अपूर्णांकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाशी कापता येत नाही. त्यांनी फळ्यावर १२६०/२६४० मांडले आणि २ने, पुन्हा २ने, मग ३ने आणि ५ने भागत त्याही अखेर २१/४४वरच आल्या, तरीही माझे दोन गुण मला मिळाले नाहीत.

संध्याकाळी ती उत्तरपत्रिका मी वडिलांना दाखवली. ते भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका वखारीत हिशेब लिहीत आणि फळ्यांचे घनफूट तोंडी काढत. दहा फूट लांब, नऊ इंच रुंद आणि दीड इंच जाड फळी म्हणजे १० × ३/४ × १/८. त्यातले १० आणि ४ मनातच २ने भागून ते १५/१६ म्हणत, किंबहुना आण्यांच्या सवयीने ‘पंधरा आणे’ म्हणत. ‘आधी आकडे वाढवायचे आणि मग तेच कमी करत बसायचे, इतका वेळ गिऱ्हाईक थांबत नाही,’ एवढेच ते बोलले. गुणाकारात सर्व अंश एकत्र गुणले जातात आणि सर्व छेद एकत्र, त्यामुळे ३६ हा ५५वर असला काय किंवा ४८वर असला काय, गुणाकार तोच राहतो. हे कारण बाईंनी वर्गात एकदाही सांगितले नव्हते.

पूर्णांकयुक्त अपूर्णांक असेल तर मात्र आधी त्याचे अंशाधिक रूप करावे, आणि भागाकार असेल तर दुसरा अपूर्णांक उलटा केल्यावरच काटाकाटी करावी. बेरीज-वजाबाकीत ही तिरपी काटाकाटी अजिबात चालत नाही: १/२ + २/३ मधले दोन २ कापले तर उत्तर १ + १/३ होते, खरे उत्तर ७/६ आहे. बाईंना मुलांच्या याच चुकीची भीती वाटत असावी. तसे असेल तर त्यांनी बेरजेच्या गणितात गुण कापायला हवे होते. आपण मुलाची वही घेऊन शिक्षिकांना अवश्य भेटा आणि गुण परत मागा.