तांदूळ 'आहेत', मग राइस 'इज' का?

दारव्हा तालुक्यातल्या एका पालकांनी विचारलं आहे: आठवीतल्या मुलीनं 'तांदूळ कट्ट्यात आहेत' याचं इंग्रजी करताना 'राइस आर' लिहिलं. मॅडमनी 'आर' खोडून 'इज' केलं, पण पुढच्याच ओळीतलं 'पीज आर' तसंच ठेवलं. मुलगी विचारते, वाटाणा मोठा आणि तांदूळ बारीक, म्हणून असं का?

नाही. दाण्याच्या आकाराचा इथे काहीच संबंध नाही, आणि हे पटायला इंग्रजीपर्यंत जायचीही गरज नाही. घरात कुणी सूप घेऊन बसलं की कान द्या. 'तांदूळ निवडले', पण 'ज्वारी निवडली'. सूप तेच, हात तेच, ज्वारीचा दाणा काही तांदळाहून बारीक नाही; तरी तांदूळ अनेकवचनी आणि ज्वारी एकवचनी. पोहे भिजवले, साबुदाणा भिजवला. साबुदाणा तर टपोरा मोत्यासारखा, एकेक वेगळा दिसणारा, आणि वचन मात्र एक!

म्हणजे पोरीचं मराठी वाक्य बिनचूक होतं. तिनं मराठीचं वचन इंग्रजीत नेलं, एवढंच. राइस, व्हीट, मनी, हेअर ही इंग्रजीत न मोजायची, ढिगासारखी धरायची नामं. आपल्याकडे मात्र तांदूळ निवडले जातात, पैसे संपतात, केस पिकतात. कापूस तेवढा दोन्हीकडे एकवचनी, म्हणून कापसाच्या वाक्यात आपली मुलं सहसा चुकत नाहीत, केसांच्या वाक्यात हटकून चुकतात. इंग्रजीचाही स्वतःचा नियम धड नाही. व्हीट एकवचनी आणि त्याच्याच भावकीतले ओट्स अनेकवचनी.

'पीज'ची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. हा शब्द मुळात लॅटिनमधून आला, आणि पूर्वी 'पीज' हेच एकवचन होतं. शेवटचा 'ज' शब्दाच्या अंगातलाच. पण ऐकणाऱ्यांना तो अनेकवचनाचा प्रत्यय वाटला. त्यांनी तो तोडला आणि सतराव्या शतकात 'पी' हा एकटा दाणा भाषेत आला. 'राइस'च्या शेवटीही 'स' ऐकू येतो, पण तो कुणी तोडला नाही.

याबाबतीत मला मराठीची एक सोय फार आवडते. शेतात आपण 'हरभरा सोंगला' म्हणतो, घरी 'हरभरे भिजवले'. 'यंदा गहू चांगला आहे' म्हणजे उभं पीक. 'गहू दळून आणले' म्हणजे डब्यातले दाणे. पीक एक, दाणे अनेक, आणि शब्द तोच. इंग्रजीतलं व्हीट वावरात असो की चक्कीवर, ते 'इज'च राहतं.

मुलांची खरी अडचण 'किती' या शब्दात आहे. दुकानात आपण 'किती तांदूळ?' आणि 'किती वाटाणे?' एकाच शब्दानं विचारतो. इंग्रजी तिथेच दोन वाटा करते: राइसला 'मच', पीजला 'मेनी'. म्हणून नुसता शब्द पाठ करू नये, त्याच्याजवळ 'मच' की 'मेनी' हेही वहीत लिहावं. नियमानं हे ओळखता येत नाही, शब्दागणिक लक्षातच ठेवावं लागतं. 'न्यूज' हा असाच फसवा शब्द. दिसायला अनेकवचनी, चालतो एकवचनी, आणि घेतो 'मच'.

आणि मुलीला आणखी एक वाक्य करायला सांगा: 'दोन कट्टे तांदूळ घरात आहेत.' न मोजायच्या नामाला मोजायचं झालं की इंग्रजी असंच मापाचा आधार घेते, 'टू बॅग्ज ऑफ राइस'. मग क्रियापद कट्ट्यांच्या मागे जातं, तांदळाच्या नाही. तिथे तिनं 'आर' लिहिलं, तर मॅडमना तो खोडावा लागणार नाही.